कपातवाली

सरकारने खर्च कमी करावा, असं म्हणणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. माझ्यावरचा खर्चही कमी करावा, असं म्हणणारं माणूस मात्र दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नाही. राज्याच्या राजधानीत असं एक माणूस होतं. त्याचं पुढे जे झालं ते पाहिलं, की बाकीचे शहाणे का गप्प बसतात ते कळतं.

ती बाई ठेंगणी होती, चालताना पुढे झुकून चालायची, आणि खांद्यावरच्या पिशवीत अर्थसंकल्पाचे दोन-तीन जाडजूड खंड असल्यामुळे एका बाजूला कललेली दिसायची. विधानभवनात तोंडावर तिला सगळे ‘मॅडम’ म्हणत, पाठ वळली की ‘कात्री’. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. बैठकीत चहा आला की ती आधी विचारायची, “हा कोणाच्या पैशाचा?” सरकारी असला तर घ्यायची नाही. त्यामुळे ती शेजारी बसली की आमदारांनाही बिस्किटं गोड लागत नसत.

हा कडवटपणा तिला वारशाने आला होता. तिच्या वडिलांचं बस स्टँडमागच्या गल्लीत धुलाईचं दुकान होतं. दुकान चालावं म्हणून वडील लोकांचे कपडे धूत, आणि चालू राहावं म्हणून निरीक्षकांचे पाय. बॉयलरचा निरीक्षक वेगळा, सांडपाण्याचा वेगळा, आणि पाटीचा तर खास वेगळा. त्याने एकदा सांगितलं, तुमची पाटी नियमापेक्षा मोठी आहे. वडिलांनी करवतीने पाटी कापली. मग दुसरा आला आणि म्हणाला, कापलेली पाटी म्हणजे नवी पाटी, हिचा परवाना कुठाय? वडिलांनी वैतागून पाटीच उतरवली, तर पाटी नाही म्हणून दंड झाला. शेवटी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि दुसऱ्याच्या लॉन्ड्रीत नोकरी धरली. पुढे ते वारले. सरकारमुळे वारले असं ती कधी म्हणाली नाही, ते फुप्फुसाच्या आजाराने वारले. पण दुकान सरकारमुळे वारलं, हे ती छातीठोकपणे सांगायची.

अर्थशास्त्र शिकून ती ‘मितव्यय केंद्र’ नावाच्या संस्थेत लागली. सरकार लहान असावं, कर कमी असावेत, आणि जे लोकांना स्वतः करता येतं ते सरकारने करू नये, हे आमदारांच्या गळी उतरवणं हा संस्थेचा उद्योग. ती लागली तेव्हा संस्था एका गादीच्या दुकानाच्या माडीवर होती. जिन्यातून कापूस उडत वर यायचा आणि कागदांवर बसायचा. संस्थापक एक निवृत्त बँक अधिकारी होते. ते आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर टिपणं लिहीत आणि पंखा फक्त पाहुणे आले की लावत. तिला ते फार पटायचं. उपदेश करणाऱ्याने आधी स्वतः घाम गाळावा, एवढं साधं तत्त्व होतं.

म्हातारे गेले आणि नवा संचालक आला. परदेशात शिकलेला, गुळगुळीत, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोनी खोकी बांधणारा. त्याने केंद्र उचलून काचेच्या इमारतीत नेलं. दारातच माशांची मोठी पेटी ठेवली, आणि माशांना खाणं घालायला एक माणूस नेमला.

“मितव्ययाच्या केंद्रात मासे कशाला?” तिने विचारलं.

“देणगीदारांना शांत वाटतं, मॅडम.”

देणगीदार म्हणजे मुख्यतः एकच. त्यांचा फरशीचा कारखाना होता, म्हणून सगळे त्यांना फरशीवाले म्हणत. वार्षिक सभेत ते दरवर्षी एकच भाषण करायचे: सरकारने बाजूला व्हावं, उद्योजकाला मोकळं सोडावं, माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. बोलता बोलता त्यांचा गळा दाटून यायचा. तीही पहिली काही वर्षं भारावून टाळ्या वाजवायची. तिला वाटायचं, आपल्या वडिलांसारखाच कोणीतरी, फक्त तगलेला.

तिचं काम होतं अर्थसंकल्प वाचणं. हे खंड छापणारेही वाचत नाहीत, मांडणारे तर नाहीच नाही. ती एक ओळ सोडायची नाही, आणि मग पिशवी घेऊन आमदारांच्या दारांबाहेरच्या बाकांवर बसायची. तिच्या डोक्यात एकच कायदा होता: राज्याच्या प्रत्येक मंडळाला, अनुदानाला, सवलतीला मुदत असावी. मुदत संपली की त्याने विधानसभेच्या समितीपुढे उभं राहून आपली गरज सिद्ध करावी. नाही जमलं तर दुकान बंद.

आमदार ऐकून घ्यायचे, माना डोलवायचे. “कल्पना उत्तम आहे मॅडम,” एक जण म्हणाला, “फक्त माझ्या मतदारसंघातलं काही नको.” दुसऱ्याने हेच सांगितलं. तिसऱ्याने तर पाठिंब्याच्या कागदावर सहीच केली आणि संध्याकाळी माणूस पाठवून कागद परत मागवला. दोन्ही बाजूंचे लोक या एका बाबतीत सख्खे भाऊ होते. काटकसर हवी, पण शेजारच्या घरात.

मग तिला ट्रामगाडी मंडळ सापडलं. शहरातली ट्राम बंद होऊन एक पिढी लोटली होती. रूळ उखडून भंगारात गेले होते. मंडळ मात्र ठणठणीत होतं. त्याला अध्यक्ष होते, मोटार होती, मोटारीला चालक होता, आणि वर्षातून एकदा प्रवाशांच्या सोयींचा आढावा घेणारी बैठक होती. ती मंडळाच्या कार्यालयात गेली, तेव्हा तिथल्या कारकुनाने तिला तक्रारपुस्तक पुढे केलं आणि गंभीरपणे विचारलं, “गाडीबद्दल काही तक्रार आहे का?”

वर्तमानपत्रांनी ती गोष्ट पहिल्या पानावर घेतली. आठवडाभर राज्य पोट धरून हसत होतं. हशाला सरकारं जेवढी भितात तेवढी उपोषणालाही भीत नाहीत. त्याच अधिवेशनात मुदतीचा कायदा झाला. फरशीवाल्यांनी केंद्रात पेढ्यांऐवजी भाषण वाटलं.

तिच्या घरात या कायद्याचं कौतुक जरा बेतानेच झालं, कारण तिचा नवरा सरकारी शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. हा माणूस स्वभावाने इतका गरीब, की रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले तर याचीच मान खाली. बायकोच्या जुन्या अर्थसंकल्पांच्या कोऱ्या पाठी तो चित्रांना वापरायचा. एका बाजूला पाटबंधारे खात्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला झोपलेलं मांजर. “राज्याच्या या खर्चातून तरी काहीतरी निघालं,” असं तो म्हणायचा.

“अहो, तुमचा पगारही त्याच पुस्तकात आहे,” ती म्हणायची.

“मग कधी कापतेस?”

“तुमचा नंबर आला की.”

दोघंही हसायचे. घरात हा विनोद जुना होता, आणि जुन्या विनोदावर कोणी संशय घेत नाही.

कायद्याप्रमाणे समिती बसली. तिचे अध्यक्ष एक पोक्त, गोड बोलणारे आमदार होते. बोलण्याआधी ते डोळे मिटायचे, त्यामुळे ते विचार करतात असा समज होता. पहिल्याच बैठकीत त्यांनी ठरवलं, की आधी सोपी प्रकरणं घेऊ. सोपं म्हणजे काय, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्यामागे ओरडणारं कोणी नाही ते सोपं. पहिल्या यादीत आंधळ्यांच्या ग्रंथालयाची फिरती गाडी होती, वजनमापं तपासणाऱ्यांचं कार्यालय होतं, आणि सरकारी शाळांतल्या चित्रकला शिक्षकांचं अनुदान होतं. कारखान्यांच्या करसवलती यादीत नव्हत्याच. त्यासाठी तिने समितीच्या सचिवाचं डोकं खाल्लं, कायद्याचं कलम वाचून दाखवलं, आणि फरशी उद्योगाची सवलत यादीत घालूनच ती तिथून उठली. सचिवाने विचारलं, “मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?” तिला तो प्रश्नच कळला नाही.

चित्रकलेच्या सुनावणीला शिक्षकांनी आपल्यातून बोलायला मास्तरांना पाठवलं. बायको विधानभवनात ओळखीची, तेव्हा याचं ऐकतील, असा त्या बिचाऱ्यांचा हिशोब. ती समितीने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या खुर्चीवर बसली होती. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत कागदाची गुंडाळी धरून समोर येऊन उभे राहिले. तिने मान खाली घालून पेनाचं टोपण घट्ट केलं.

“मास्तर, या चित्रकलेचा राज्याला फायदा काय?” अध्यक्षांनी डोळे मिटून विचारलं.

“मुलं बघायला शिकतात, साहेब.”

“डोळे तर मुलांना जन्मतःच असतात.”

समितीत हशा झाला. मास्तरही जरा हसले, कारण समोरचे हसले की हसायची त्यांना सवय होती. मग त्यांनी गुंडाळी उलगडली. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने काढलेली बस होती. “ही आधी बसची सगळी चाकं एकाच बाजूला काढायची,” ते म्हणाले. “मग मी सगळ्यांना स्टँडवर नेलं. तासभर नुसतं बघत बसवलं. आता हे बघा, टपावरच्या सामानाची दोरीसुद्धा…”

“म्हणजे मुलांना बस दाखवायला राज्याने पगार द्यायचा?” एका सभासदाने विचारलं. पुन्हा हशा. गुंडाळी आपोआप मिटली, मास्तरांनी ती पुन्हा उघडायचा प्रयत्न केला, ती पुन्हा मिटली.

अध्यक्ष तिच्याकडे वळले. “मॅडम, तुमचं मत?”

“हे माझे यजमान आहेत. मी या प्रकरणात मत देऊ नये.”

“छे छे, आपलं घर वेगळं, विचार वेगळे. तुमच्यासारख्या बाईंचं मत तर इथे सगळ्यात निःपक्षपाती.” अध्यक्ष फार गोड हसले.

मास्तर म्हणाले, “सांग ना. घरी म्हणतेस तेच सांग.” हे ते चेष्टेने म्हणाले, की चिडून, की तिची सुटका करायला, हे तिला नंतरही कळलं नाही.

ती उठली. “चित्रकला चांगली गोष्ट आहे,” ती म्हणाली. “पण चांगली असलेली प्रत्येक गोष्ट सरकारनेच केली पाहिजे असं नाही.” आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत होतं. ‘नवऱ्यालाही सोडलं नाही’ अशी चौकट होती. केंद्रात संचालकाने ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावलं. फरशीवाल्यांनी फोन करून सांगितलं, “ताई, अशी तत्त्वनिष्ठा आज कुठे राहिली?”

घरी मास्तर पेन्सिलींना टोकं काढत बसले होते. पेन्सिली आधीच टोकदार होत्या.

“तुम्हीच म्हणालात सांग म्हणून,” ती म्हणाली.

“मी नसतो म्हणालो, तर नसतं सांगितलंस?”

ती खोटं बोलू शकली असती. “सांगितलं असतं,” ती म्हणाली.

“तेच तर.” त्यांनी पेन्सिल फुंकली. “तू बोललीस ते चूक आहे असं नाही गं. तू बोलायला नको होतंस, एवढंच.” आणि घरातला तो जुना विनोद त्या दिवशी मेला.

आठवड्याने संचालकाने तिला आपल्या खोलीत बोलावलं. फरशी उद्योगाच्या सवलतीची सुनावणी जवळ आली होती.

“आपल्याला एक छोटं टिपण लागेल,” तो म्हणाला. “करसवलत हा खर्च नसतो, असं. तुमच्या सहीने गेलं तर वजन पडेल.”

“खर्च नाही कसा?”

“बघा ना. सरकारने जे घेतलंच नाही, ते दिलं असं कसं म्हणणार?” त्याने हवेत एक खोकं बांधलं.

“मी भाडेकरूला दर महिन्याला भाडं माफ केलं, तर मी त्याला काही दिलं की नाही?”

“मॅडम, धोरणात्मक दृष्टीने बघायला हवं.”

“माझ्या वडिलांची पाटी कोणी धोरणात्मक दृष्टीने बघितली नव्हती.”

संचालकाने खोकं सोडून दिलं. “हा काचेचा मजला कोणाच्या जिवावर चालतो, तेही बघा,” तो म्हणाला. या एका वाक्यापुरता तो तिला प्रामाणिक वाटला.

टिपण तिने लिहिलं नाही. सुनावणीला मात्र गेली. फरशीवाले स्वतः आले होते, सोबत वकील, आणि वकिलासोबत पिशव्या उचलणारे. या वेळी समितीत कोणी हसलं नाही. फायदा काय, असंही कोणी विचारलं नाही. उलट एका सभासदाने विचारलं, राज्य आपल्यासाठी आणखी काय करू शकतं. स्वतःच्या पायावर उभं राहण्याबद्दल वर्षानुवर्षं गळा दाटून बोलणारे फरशीवाले म्हणाले, सवलत गेली तर कारखाना एक दिवस उभा राहणार नाही. गळा याही वेळी दाटला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा गळा मुळात दाटलेलाच असतो, विषय कोणताही चालतो.

अध्यक्षांनी शिरस्त्याप्रमाणे तिच्याकडे पाहिलं. ती उठून म्हणाली, “फरशी चांगली गोष्ट आहे. पण चांगली असलेली प्रत्येक गोष्ट सरकारनेच पोसली पाहिजे असं नाही.”

फरशीवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं पाळलेलं कुत्रं चावल्यावर पाहतात. अध्यक्षांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, “मॅडमच्या विनोदबुद्धीची समिती नोंद घेते.”

नोंदसुद्धा घेतली नाही. समितीचा अहवाल आला त्यात तिचं पहिलं वाक्य ठळक टाइपात होतं, दुसरं वाक्य जणू ती बोललीच नव्हती. चित्रकलेचं अनुदान बंद, आंधळ्यांची गाडी बंद, वजनमापं तपासणारे घरी. फरशीची सवलत मात्र ‘राज्याच्या व्यापक हितासाठी’ पुढे चालू, आणि शिवाय थोडी वाढवून. त्या सवलतीपुढे चित्रकलेची बचत म्हणजे दर्यात खसखस. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर तिनेच वळून दिला होता.

केंद्रातून तिला कोणी काढलं नाही. एवढा प्रामाणिक उद्धटपणाही त्या लोकांत नव्हता. तिचं टेबल उचलून दाराशी, माशांच्या पेटीसमोर ठेवलं, आणि वातावरण निवळेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. ती चार दिवस माशांकडे बघत बसली. पाचव्या दिवशी तिने राजीनाम्याचा कागद संचालकाच्या हाती दिला. त्याने हळहळ दाखवायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, “राहू द्या. उगाच श्वास खर्च होतो.”

लगेच दुसऱ्या बाजूची माणसं दारात. गरिबांचे कैवारी म्हणवणारा हा पक्ष तिला वर्षानुवर्षं काळजाने कोरडी म्हणत आला होता. आता त्यांचे नेते सोफ्यावर बसून तिच्यात माणुसकी शोधू लागले. “आम्ही सत्तेवर आलो की अन्याय्य कपातींचा फेरविचार करणारं मंडळ काढू. अध्यक्षपद तुमचं. कार्यालय, गाडी, सगळं.”

“आणि मंडळाची मुदत?” तिने विचारलं.

“मुदत कसली, ताई? कायमस्वरूपी.”

तिने त्यांना चहा पाजला, कारण तो तिच्या पैशाचा होता, आणि दारापर्यंत पोचवलं. ते फाटकाबाहेर पडल्यावर ती मास्तरांना म्हणाली, “एकाने घर लुटलं तर दुसरा म्हणतो, चला, लुटीवर देखरेख करायला मला ठेवा.”

“तुला बरं कोणीच वाटत नाही,” मास्तर म्हणाले.

“दाखवा ना मग एखादा.”

पुढे तिने चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली घेतली आणि लहान दुकानदारांचे परवाने, नोटिसा, दंड यांची कामं घेऊ लागली. निरीक्षकांची एक जातच तिच्या नावाने बोटं मोडायची. या कामात पैसा बेताचा होता, पण भांडण भरपूर होतं, आणि तिची प्रकृती सुधारली.

मास्तर ‘जादा’ ठरले होते. त्यांना शिक्षण कार्यालयात टपालावर शिक्के मारायला बसवलं. म्हणजे पगार चालूच, फक्त त्यांनी मुलांना शिकवायचं तेवढं थांबलं. याला राज्यात कपात म्हणतात. संध्याकाळी ते घरच्या बाहेरच्या खोलीत फी घेऊन चित्रकलेचा वर्ग घेऊ लागले. खोली भरली. डॉक्टरांची, वकिलांची मुलं महागडे रंग घेऊन यायची.

“तुझंच खरं झालं,” मास्तर म्हणाले. “लोक पैसे देतात.”

तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, “ती बसवाली मुलगी येते का?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच त्या मुलीचं घर शोधत गेली. आई एका इमारतीत जिने झाडायची. ती पायरीवर बसली होती, शेजारी बादली. कात्रीने मुद्द्यालाच हात घातला: मुलीला पाठवा, फी घेणार नाही.

“नको बाई,” आई म्हणाली.

“का? फुकटच आहे.”

“म्हणूनच नको.” तिने फडकं पिळलं. “शाळेत होतं तेव्हा ते तिचं होतं. सगळ्यांना मिळायचं, तिलाही मिळायचं. तुमच्या घरी आली तर तुमचे उपकार. मग सणाला तुम्हाला काय द्यायचं, रस्त्यात दिसलात तर किती वाकायचं, हे मला शिकवावं लागेल तिला. चित्रं राहू देत.”

लोकांनी सरकारच्या दारात हात पसरू नयेत, म्हणून कात्री आयुष्यभर भांडली होती. आणि ही बाई तिच्याच दारात हात पसरायला नकार देत होती. दोघींचा ताठा एकाच मापाचा होता, हीच तर पंचाईत. घरी येऊन तिने मास्तरांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “तरी मी चूक नव्हते.”

“नव्हतीस,” मास्तर म्हणाले. “चूक नसण्याचं तू करतेस काय, ते सांग.”

ती उठून गॅसवरचं दूध बघायला गेली. दूध अजून तापलंही नव्हतं.

काही वर्षांनी मुदतीच्या कायद्याचीच मुदत भरली. शेवटचं कलम तिचंच होतं: हा कायदाही इतरांसारखा समितीपुढे उभा राहील. दरम्यान कायद्याची अंमलबजावणी करायला ‘मुदत संचालनालय’ निघालं होतं. चार मजले, उपसंचालक, सहसंचालक, त्यांच्या गाड्या. बंद केलेल्या सगळ्या खात्यांत मिळून जेवढी माणसं नव्हती तेवढी तिथे बसत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. करसवलतींना तर एका दुरुस्तीने कायद्यातूनच वगळलं होतं.

सुनावणीत साध्या नागरिकाला तीन मिनिटं मिळायची. ती रांगेत उभी राहिली. अध्यक्ष तेच होते, डोळे आता अधिकच मिटू लागले होते.

“या मॅडम. आज आपल्या अपत्याचा वाढदिवस.”

“अपत्य नालायक निघालं,” ती म्हणाली. “बंद करा.”

अध्यक्षांनी डोळे उघडले. “हा कायदा? आपण स्वतः?”

“ज्याच्यामागे कोणी नाही त्याला हा कायदा विचारतो, तू कशाला जगतोस. ज्याच्यामागे वकील आहे त्याला विचारतो, जेवलात का. असल्या कायद्याची मला गरज दिसत नाही. संचालनालयाची तर नाहीच. सिद्ध करायची जबाबदारी त्यांची आहे, माझी नाही. कलम वाचा.”

संचालनालयाचे उपसंचालक उठले आणि सहा बोटं जाड अहवाल वाचू लागले. त्यांना तीन मिनिटांचं बंधन नव्हतं. सरकारपक्षाचे सभासद म्हणाले, कायदा हवाच, त्याने राज्याला शिस्त लागली. विरोधकही म्हणाले, कायदा हवाच, फक्त संचालनालयात आपलीही काही माणसं घ्यावीत. इतकं एकमत त्या सभागृहाने क्वचितच पाहिलं असेल. कायदा चालू राहिला, संचालनालय कायम झालं, आणि त्याला मुदतीच्या अटीतून सूट मिळाली. ठरावाच्या शेवटी समितीने मॅडमच्या दूरदृष्टीबद्दल कृतज्ञता व्यक्त केली.

ती बाहेर आली तेव्हा मास्तर बसथांब्यावर उभे होते. कार्यालयातून सुटून ते सरळ तिकडेच आले होते.

“काय झालं?”

“आभार मानले माझे.”

“म्हणजे हरलीस.”

“सपशेल.” ती बाकावर टेकली. “त्या डोळेमिट्याने ठराव वाचला. वाचताना सुद्धा मिटलेलेच. पाठ असणार आधीच.”

“पुढच्या आठवड्यात काय आहे?”

“धरणखात्याची सुनावणी. तीन मिनिटं मिळतील.” तिने पिशवी मांडीवर ओढली. “त्यांनी एका कालव्याचं पाणी मोजायला तीन कार्यालयं ठेवली आहेत, आणि कालवा कोरडा आहे.”

मास्तरांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, तिच्या पिशवीतून अर्थसंकल्पाचा एक खंड ओढला, आणि मागच्या कोऱ्या पानावर अध्यक्षांचा चेहरा काढायला लागले. मिटलेले डोळे, गुबगुबीत गाल, ओठांवर ते गोड हसू. बस आली तरी दोघंही उठले नाहीत. ती वाकून बघत होती.

“नाक जरा मोठं काढा,” ती म्हणाली. “सगळीकडे खुपसायला सोपं जाईल.”